पाड्यावरची ख्रिस्तसभा

परदेशातून येणाऱ्या धार्मिक नियतकालिकांतून अलीकडे एक विषय वारंवार भेटीस येतो. उत्तर-आधुनिक आणि बहुविध समाजात नवी ख्रिस्तसभा कशी लावावी, हा तो विषय. त्यासाठी इंग्रजीत लागवडीचाच शब्द योजलेला असतो. हे लेखन बहुधा युरोप-अमेरिकेतील महानगरे डोळ्यांपुढे ठेवून झालेले असते. तेथे जुनी चर्चे ओस पडली आहेत, तरुणांचा कोणत्याही एका सत्यावर भरवसा उरलेला नाही, शेजारच्या घरात कोणत्या देवाची प्रार्थना होते याची शेजाऱ्याला वार्ता नाही. अशा शहरात एखाद्याच्या दिवाणखान्यात दहा-वीस माणसे जमवून नवा आरंभ कसा करावा, याचे पायरीपायरीने मार्गदर्शन त्यात केलेले असते. आम्ही ते वाचतो तलासरी-डहाणूच्या मुलखात. येथे दिवाणखाना नाही. कुडाच्या भिंतींचे एक घर, पुढे सारवलेले अंगण आणि अंगणापलीकडे भाताची खाचरे, एवढाच येथला पसारा.

प्रथमदर्शनी असे वाटते की, हा विषय आमचा नव्हे. २०११ च्या जनगणनेत तलासरी तालुक्याची लोकसंख्या सुमारे दीड लाख भरली आणि तीत दहांपैकी नऊ माणसे आदिवासी. त्यांत वारली सर्वाधिक. येथे कसली आली उत्तर-आधुनिकता? परंतु पाड्यांवर चार पावसाळे काढले की हा समज गळून पडतो. आमच्या येण्याजाण्यातले एक घर आहे. घरातला आजा दुखण्याखुपण्यात भगताकडे जातो आणि हिरवा देवाला विसरत नाही. बापाने आयुष्यभर लाल बावटा खांद्यावर वाहिला. थोरला मुलगा कल्याण केंद्राच्या वसतिगृहात राहून शिकला, धाकटा मिशनच्या शाळेत. थोरली सून दर रविवारी एका नव्या प्रार्थनागृहात जाते, धाकट्याने स्नानसंस्कार घेतलेला आहे. नातू वापीच्या कारखान्यात कामाला जातो आणि येता-जाता मोबाइलवर गरब्याची गाणीही ऐकतो व प्रभूची गाणीही. ही सारी माणसे एकाच चुलीवरचे जेवतात.

फ्रेंच विचारवंत ल्योतार यांनी १९७९ साली उत्तर-आधुनिक स्थितीचे वर्णन करताना महाकथांवरील अविश्वास हे तिचे लक्षण सांगितले. मानवाच्या मुक्तीची, प्रगतीची, तारणाची एकच मोठी कथा आता कोणी मानत नाही, असा त्याचा आशय. गोरेगावच्या सेमिनरीत आम्ही हे प्रथम ऐकले. तलासरीस आल्यावर ध्यानात आले की, पॅरिसमध्ये महाकथांवरचा विश्वास उडाला असेल, आमच्याकडे मात्र महाकथांची गर्दी झाली आहे. क्रांतीची कथा आहे, राष्ट्राची आहे, विकासाची आहे, ख्रिस्ताची आहे, आणि या सर्वांच्या आधीपासून चालत आलेली धरतरी व कणसरीची कथा आहे. प्रत्येक कथा पाड्यावर येऊन माणसाला म्हणते, तू माझा. तेव्हा बहुविध समाजात ख्रिस्तसभा कशी लावावी, हा प्रश्न न्यूयॉर्कपेक्षा तलासरीला अधिक लागू पडतो, असे आमचे नम्र मत आहे.

लागवड हा शब्द आपण वसईकरांनी सहज उच्चारू नये, कारण आपण भात लावणाऱ्यांची लेकरे आहोत. आधी राब भाजायचा, त्यात बी पेरायचे, रोप वीतभर झाले की मुळांसह उपटायचे, जुड्या बांधून चिखलणी केलेल्या खाचरात न्यायचे आणि एकेक काडी लावायची. लावल्यावर चार-आठ दिवस ते पिवळे पडते. जाणता शेतकरी त्या दिवसांत घाबरत नाही. त्या चिखलात मुळे धरली की रोप पुन्हा हिरवे होते. राबातली माती मुळांशी कितीही चिकटून आली तरी पीक येते ते खाचराच्या मातीवर. आणि लावणाऱ्याने हात काढून घेतल्यावर जे उभे राहते, तेच रोप लागले म्हणायचे. ख्रिस्तसभेच्या लागवडीचीही हीच कसोटी आहे.

या कसोटीचा दाखला आपल्याच इतिहासात आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या आमदानीत वसईपासून डहाणूपर्यंत किल्ले उभे राहिले, त्यांबरोबर चर्चेही उभी राहिली. राजसत्तेच्या सावलीत झालेल्या त्या कार्यात सक्तीचा आणि इतरांच्या श्रद्धास्थानांच्या अवहेलनेचा अंश होता, हे आज आपण प्रांजळपणे म्हणतो. १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई जिंकली. राजाश्रय गेला, युरोपीय मिशनरी निघून गेले. लावणाऱ्याचा हात एका दिवसात निघाला. तरीही वसईची ख्रिस्तसभा टिकली. बागायतीत, भातशेतीत, गावाच्या आळीआळीत आणि घरातल्या सांजप्रार्थनेत ती उतरली होती. बायकांच्या ओव्यांत आणि लग्नाच्या गाण्यांत ती मराठी बोलत होती. उत्तरेकडे तारापूर-डहाणूला मात्र किल्ले आणि चर्चे असूनही वसईसारखा ख्रिस्ती समाज मागे उरला नाही. यामागे अनेक कारणे असतील. आम्हांस त्यात एक बोध दिसतो : जे तटाच्या आत राहिले ते तटाबरोबर ढासळले, जे चिखलात उतरले ते राहिले.

विसाव्या शतकातही या मुलखात अनेकांनी लागवड केली, आणि ते सगळे काही ख्रिस्ती नव्हते. मे १९४५ मध्ये तलासरीजवळच्या झरी गावी किसान सभेची परिषद भरली. गोदावरी व शामराव परुळेकर यांनी वारल्यांना वेठ नाकारायला शिकवले. लग्नासाठी सावकाराकडून घेतलेल्या कर्जापायी नवरा-बायको दोघेही त्याच्याकडे राबत राहायची, त्यांना लग्नगडी म्हणत. ती प्रथा या लढ्याने मोडली. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे गोळीबार झाला आणि जेठ्या गांगड हुतात्मा झाला. गोदूताईंचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक १९७० साली निघाले, त्यास १९७२ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. गोदूताई ईश्वर मानत नव्हत्या. परंतु त्या वारल्यांच्या झोपडीत राहिल्या आणि त्यांचे दुःख त्यांच्याच तोंडून ऐकत बसल्या. पुढे तो झेंडा वारल्यांचा झाला. २०१९ आणि २०२४ या दोन्ही विधानसभा निवडणुकांत डहाणू मतदारसंघाने त्याच पक्षाचा आदिवासी उमेदवार निवडून दिला.

त्याच १९४५ साली ताराबाई मोडक यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या आणि १९५७ मध्ये हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. मुले गुरांमागे जातात, शाळेत येत नाहीत, हे पाहून त्यांनी मुलांना दोष दिला नाही. त्यांनी शाळाच कुरणात नेली. तिचे नाव कुरणशाळा. अंगणवाडी आज देशभर पोहोचली आहे, तिचीही पाळेमुळे या दोघींच्या कामात आहेत. १९६७ साली माधवराव काणे यांनी विश्व हिंदू परिषदेच्या वतीने तलासरीस वनवासी मुलांसाठी केंद्र काढले. त्यांच्या आणि आमच्या विचारांत अंतर आहे, कधीकधी संघर्षही झाला आहे. तथापि, शहरातील स्थैर्य सोडून आदिवासी मुलांमध्ये राहावयास आलेल्या माणसाचा त्याग न मानणे ख्रिस्ती वृत्तीला शोभणार नाही.

आणि मिशने. अमेरिकेतील ब्रदरन पंथाचे मिशनरी १८९४ साली भारतात आले, वलसाडला स्थिरावले आणि विसाव्या शतकाच्या आरंभी डहाणूला पोहोचले. त्यांच्या दवाखान्याने पिढ्यान् पिढ्यांचे अश्रू पुसले. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे उत्तर भारतीय चर्चची स्थापना झाली, तीत ही मंडळीही विलीन झाली. आपल्या येसूसंघीय बंधूंनी तलासरीच्या ज्ञानमाता सदनातून शिक्षणाची गंगा आणली. १९७८ च्या सुमारास येसूसंघाच्या मुशीतून आलेल्या काही तरुणांनी कष्टकरी संघटनेच्या रूपाने जमिनीचा आणि जंगलाचा प्रश्न हाती घेतला, त्यावरून आपल्यातच किती वादंग झाले ते जुन्या वाचकांना आठवत असेल.

या सर्वांकडे एकत्र पाहिले म्हणजे एक गोष्ट स्पष्ट होते. वारली माणसाने कोणाची विचारसरणी तपासून कोणाला जवळ केले नाही. कोण आपल्या अंगणात बसतो, कोण आपले अन्न खातो आणि कोण संकटात पळून जात नाही, एवढेच त्याने पाहिले. बहुविध समाजात सत्याचा दावा करणारे पुष्कळ असतात. तेव्हा माणूस दाव्याकडे पाहत नाही, दावेदाराकडे पाहतो.

येथे वाचक विचारतील, फादर, आपल्या हेतूंबद्दल जो संशय घेतला जातो त्याचे काय? तो संशय आहे, आणि त्याकडे डोळेझाक करून चालणार नाही. संविधानाच्या पंचविसाव्या कलमाने धर्म मानण्याचे, आचरण्याचे आणि त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य दिले आहे. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने स्टॅनिस्लॉस खटल्यात असा निर्वाळा दिला की, प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर घडवून आणण्याचा हक्क येत नाही. अनुसूचित जातींच्या १९५० च्या आदेशात धर्माची अट आहे, जमातींच्या आदेशात ती नाही. म्हणून ख्रिस्ती झालेला वारली कायद्याने आदिवासीच राहतो. २००६ साली स्थापन झालेला जनजाती सुरक्षा मंच मात्र अशा लोकांना यादीतून वगळावे अशी मागणी करीत आहे. शाळेचा दाखला, नोकरी, जमिनीचे संरक्षण, सारे त्या यादीला बांधलेले असल्याने पाड्यावरच्या ख्रिस्ती बापाला रात्री झोप लागत नाही. त्यातच १६ एप्रिल २०२० ची ती रात्र. डहाणू तालुक्यातील गडचिंचले येथे अफवेने पिसाळलेल्या जमावाने दोन साधू आणि त्यांच्या चालकाची हत्या केली. घटनेला धार्मिक रंग नाही असे शासनाने सांगितले, तरीही कित्येक दिवस बोटे आपल्याकडे वळत राहिली. परक्याविषयीचे भय किती खोल गेले आहे, हे त्या रात्रीने सर्वांनाच दाखवले. अशा भूमीत रात्री मोटारीतून येऊन पत्रके वाटणारा जो कोणी असेल, त्याने ख्रिस्ताचे नाव घेतले तरी तो भयच पेरतो.

आता पाड्यावरच्या खऱ्या प्रश्नाकडे वळतो. आमच्या भागातील एका पाड्यावर पाच-सहा घरे ख्रिस्ती आहेत. पावसाआधी पाड्याची गावदेवाची पूजा असते, घरटी वर्गणी असते. पैसे, तांदूळ, कोंबडे, ज्याला जे जमेल ते. एका वर्षी त्या घरांतला एक जाणता माणूस आमच्याकडे आला. वारली माणूस देवालाही ‘तू’ म्हणतो आणि फादरलाही. तो म्हणाला, “फादर, तू सांग. वर्गणी द्यायची का नाय? नाय दिली तर पाडा बोलंल, हे आमचे नाय. दिली तर तू बोलशील.” आम्ही त्याला उलट विचारले, “तुम्हांला काय वाटते?” तो बराच वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, “देव येशू माझा आहे. पण पाडा बी माझाच आहे.”

वाचकहो, एकोणीस शतकांहून अधिक काळापूर्वी करिंथ नगरातील ख्रिस्ती जनांनी संत पौलाला हाच प्रश्न विचारला होता. करिंथ हे बंदर होते, नाना देवळांचे आणि नाना पंथांचे. मूर्तीला वाहिलेले मांस बाजारात येई, मित्राच्या घरी जेवणातही येई. खावे की न खावे? पौलाने नियमांची यादी दिली नाही. कोणी न मानणाऱ्याने जेवायला बोलावले तर जा आणि वाढलेले खा, असे तो सांगतो. बलीच्या पूजेत मात्र सहभागी होऊ नका, असेही बजावतो. आणि या दोहोंच्या वर तो एक कसोटी ठेवतो : तुमच्या ज्ञानापायी कोणा दुबळ्याचे अंतःकरण मोडता कामा नये. बहुविध समाजात ख्रिस्तसभा लावणाऱ्या पहिल्या माणसाने दिलेले हे उत्तर आजच्या कोणत्याही मार्गदर्शिकेपेक्षा अधिक उपयोगाचे आहे.

त्या पाच-सहा घरांनी आपसांत बसून ठरवले. सामायिक जेवणासाठी तांदूळ द्यायचे, मांडव घालायला आणि पाणी भरायला हजर राहायचे, बळीचे कोंबडे द्यायचे नाही. पाड्यातील वृद्धांनी थोडी कुरकुर केली आणि मानले. पाणी भरणारे हात पाड्याला पुरले. पुढील दोन-तीन वर्षांनी जवळच एक नवे प्रार्थनागृह निघाले. तेथील उपदेशकाने आपल्या लोकांना सांगितले की, त्या मांडवाखाली पाय ठेवणेही पाप. परिणामी सख्ख्या दोन भावांच्या घरांमधले येणे-जाणे बंद झाले. एकाच्या घरी मयत झाली तेव्हा दुसरा लांब उभा होता. त्या उपदेशकाची तळमळ खरी असेल, त्याच्या प्रार्थनेने दारू सोडलेली माणसे आम्ही पाहिली आहेत. परंतु त्या दिवशी त्या दोन भावांमधले ते आठ-दहा हात अंतर आम्हांस समुद्राएवढे वाटले. ख्रिस्ताला आणण्यासाठी भावाला घालवावे लागत असेल, तर लावणीत कोठेतरी चुकले आहे.

नारायण वामन टिळकांना हे दुःख शंभर वर्षांपूर्वी कळले होते. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि पुढे मिशनच्या कामात हयात घालवली. आपल्या ख्रिस्ती बांधवांभोवती कंपाउंडाची भिंत उभी राहिली आहे, तिच्या आतली भाषा, पोशाख, गाणी, सारेच परके, हे त्यांना सलत राहिले. १९१७ साली मिशनची चाकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ उघडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, सारे ख्रिस्तभक्त एकत्र बसावेत हा त्यांचा हेतू. १९१९ साली ते निवर्तले आणि दरबार विरला. प्रश्न मात्र विरला नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली मिशनकार्यावरील आदेशात स्थानिक ख्रिस्तसभेने त्या त्या लोकांच्या जीवनात मुळे धरावीत असे सांगितले. पोप फ्रान्सिस यांनी २०१३ साली आठवण करून दिली की, ख्रिस्तसभा वाढते ती आकर्षणाने, ओढाताणीने नव्हे.

मग वारली चिखलात ती मुळे कशी धरील? वारल्यांच्या लग्नात सवाशिणी भिंतीवर पालघाट देवीचा चौक लिहितात आणि धवलेरी गाते. धवलेरी ही स्त्री आहे, लग्न लावण्याचा मान तिचा. कणसरी ही त्यांची धान्यदेवता. दाण्याचा अपमान झाला की ती घर सोडते, असा त्यांचा भाव. नवे धान्य देवापुढे ठेवल्याविना त्यांच्यातला जुना माणूस घास घेत नाही. ज्या समाजात अन्न इतके पवित्र आहे, त्याला ख्रिस्तप्रसादाचे मर्म समजावताना आम्हांस फारसे शब्द लागत नाहीत. मुंबई-साष्टीच्या ईस्ट इंडियन गावांत ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी ‘आगेरा’ होतो, नव्या भाताची कणसे वेदीवर आणून आशीर्वादित केली जातात. आपल्या पूर्वजांनी जे केले तेच वारली ख्रिस्ती आपल्या परीने करू लागले, तर त्यांच्यावर भेसळीचा आरोप करण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही. फादर स्टीफन्स यांचे क्रिस्तपुराण १६१६ साली ओवीत अवतरले. वारली बोलीतले क्रिस्तपुराण अजून कोणी गायचे आहे. ते आम्हां वसईकर धर्मगुरूंना गाता येणार नाही. एखादी धवलेरीच ते गाईल.

आणखी एक अडचण आहे. दिवाळी झाली की पाडे रिकामे होतात. कोणी वीटभट्टीवर, कोणी गुजरातच्या मासेमारी बोटींवर, कोणी उंबरगाव-वापीच्या कारखान्यांत. मुंबई-अहमदाबाद महामार्ग आणि त्याला समांतर जाणारा बुलेट ट्रेनचा मार्ग यांच्यामधल्या जमिनीचे भावही बदलले आहेत. डिसेंबरात नाताळची मिस्सा होते तेव्हा निम्मे चर्च भट्टीवर असते. अशा वेळी चर्च म्हणजे इमारत, ही कल्पना फार तोकडी पडते. भट्टीवर तीन कुटुंबे रात्री एकत्र बसून प्रार्थना करतात, मुकादमाने पैसे बुडवले तर एकमेकांसाठी उभी राहतात, शेजारच्या झोपडीतल्या बिगरख्रिस्ती बाळंतिणीला पेज नेऊन देतात, तेथे ख्रिस्तसभा आहे. तिच्याजवळ फादर नसतो. लावणाऱ्याचा हात तेथवर पोहोचतच नाही, आणि तरी रोप उभे असते. म्हणूनच आम्हांस आशा वाटते.

वसईच्या वाचकांस शेवटी एक विनंती करावीशी वाटते. २२ मे १९९८ रोजी वसई धर्मप्रांत स्थापन झाला तेव्हापासून तलासरी-डहाणू हे आपल्याच घराचे अंगण आहे. आपण उदार आहात. नाताळात जुने कपडे, जूनमध्ये वह्या-पुस्तके घेऊन आपली मंडळे येतात, पाड्यावर फोटो काढतात आणि संध्याकाळच्या आत परततात. ती मदत आम्ही नाकारीत नाही. पण एखाद्या वर्षी रिकाम्या हातांनी या. जुलैत या, आवणीच्या दिवसांत. ज्याने स्नानसंस्कार घेतला आहे त्याच्या खाचरात एक दिवस, आणि ज्याने घेतलेला नाही त्याच्या खाचरात दुसरा दिवस वाका. दुपारी त्यांच्या ओटीवर बसून त्यांची नागलीची भाकर खा. येशूविषयी कोणी विचारले तर सांगा, न विचारले तर रोपे लावा. आपल्या आजीला ते काम येत होते. आपल्यालाही येईल.